लोकेटला फाइल सापडत नाही? पीलोकेट आणि अपडेटडीबी क्रमाने असं बसवा

लिनक्सवर फाइल शोधायची म्हटलं की बहुतेक जण 'लोकेट' टाकून देतात, एक कमांड मारतात आणि काही आलं नाही की फाइल उडाली असं समजतात. प्रत्यक्षात फाइल जागेवरच असते. लोकेट डिस्कवर शोधतच नाही, ते आधी बनवून ठेवलेल्या यादीत शोधतं. यादी बनवण्याचं काम अपडेटडीबीचं. मतदार यादीसारखाच प्रकार: गाव सोडून गेलेल्याचं नाव असतं, नव्याने आलेल्याचं नसतं, आणि एखादी अख्खी वस्ती का वगळली गेली हे कुणी विचारेपर्यंत कळत नाही.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी काय वगळायचं ते ठरवा, मग यादी बनवा, मग ती तपासा, मग टायमर (यादी ठरावीक वेळी आपोआप बनवणारी सोय), आणि शोधाशोध सगळ्यात शेवटी. बहुतेक लोक शेवटून सुरुवात करतात.

इथे दिलेल्या कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत आहेत. टर्मिनलवर त्या इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करायच्या, आकडेही इंग्रजी. हायफन, तिरकी रेघ, टिंब, खालची रेघ आणि अवतरणचिन्हं जशी दिसतात तशीच. जिथे मोठी अक्षरं लागतात तिथे तसं लिहिलं आहे. स्पेलिंगबद्दल शंका आली तर 'मॅन अपडेटडीबी' आणि 'मॅन पीलोकेट' उघडा. मी शक्य तिथे लांब रूपातले पर्याय वापरले आहेत, कारण सहा महिन्यांनी स्क्रिप्ट वाचताना एका अक्षराचा पर्याय काय करतो ते कुणालाच आठवत नाही.

## १. कोणतं लोकेट बसलंय ते आधी बघा

एकाच नावाने तीन वेगळी साधनं फिरतात: फाइंडयुटिल्सबरोबरचं जुनं लोकेट, एमलोकेट आणि पीलोकेट. तिघांच्या डेटाबेसचा साचा वेगळा आणि वागणूकही थोडी वेगळी. हा लेख पीलोकेटबद्दल आहे. हल्लीच्या डेबियन, उबंटू आणि फेडोरावर तेच घ्यावं.

    लोकेट --व्हर्जन
    अपडेटडीबी --व्हर्जन

दोन्हीकडे पीलोकेट हेच नाव आलं पाहिजे. एकीकडे पीलोकेट आणि दुसरीकडे फाइंडयुटिल्स आलं, तर यादी एक साधन बनवतंय आणि वाचतंय दुसरंच. अशा वेळी जुनं पॅकेज काढून टाका आणि मगच पुढे जा. दोन्ही ठेवून जुळवून घेण्यात काहीही फायदा नाही.

पॅकेज नसेल तर:

    सुडो एपीटी इन्स्टॉल पीलोकेट
    सुडो डीएनएफ इन्स्टॉल पीलोकेट

पहिली ओळ डेबियन-उबंटूसाठी, दुसरी फेडोरासाठी.

तपासणी: /ईटीसी/क्रॉन.डेली या डिरेक्टरीत जुन्या लोकेटची किंवा एमलोकेटची स्क्रिप्ट उरली आहे का ते बघा. उरली असेल तर रोज दोनदा अख्खी डिस्क चाळली जाते, आणि सकाळी मशीन का घरघरतंय हे कोडं राहतं.

सावध: एमलोकेटचा जुना डेटाबेस नव्या जागी कॉपी करून चालत नाही, पीलोकेट तो थेट वाचू शकत नाही. रूपांतरासाठी पीलोकेट-बिल्ड नावाची वेगळी कमांड आहे, पण खरं सांगायचं तर नवी यादी बनवणं जास्त सोपं.

## २. काय वगळायचं ते ठरवा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. 'सापडत नाही' आणि 'नको ते हजारो निकाल येतात' या दोन्ही तक्रारींचं मूळ एकाच फाइलमध्ये असतं: /ईटीसी/अपडेटडीबी.कॉन्फ. आधी तिची प्रत काढा.

    सुडो सीपी /ईटीसी/अपडेटडीबी.कॉन्फ /ईटीसी/अपडेटडीबी.कॉन्फ.मूळ

आत चार नावं महत्त्वाची, चारही मोठ्या अक्षरांत लिहायची.

प्रूनपाथ्स म्हणजे वगळायच्या डिरेक्टरींचे पूर्ण पत्ते. डेबियन-उबंटूवर यात /टीएमपी, /व्हार/स्पूल आणि /मीडिया आधीच असतात. म्हणजे उबंटूवर पेनड्राइव्ह किंवा बाहेरची हार्ड डिस्क लावली की ती /मीडियाखाली बसते आणि तिच्यातली एकही फाइल यादीत येत नाही. बिघाड नाही हा, नियमच तसा लिहिलेला आहे.

प्रूननेम्स म्हणजे पत्ता नव्हे, फक्त डिरेक्टरीचं नाव. ते नाव डिस्कवर कुठेही दिसलं तरी ती डिरेक्टरी वगळली जाते. .गिट, नोड_मॉड्यूल्स यांच्यासाठी हे उत्तम.

प्रूनएफएस म्हणजे फाइलसिस्टिमचे वगळायचे प्रकार. एनएफएस, सीआयएफएस, एसएसएचएफएस असे नेटवर्कवरचे प्रकार इथे असतात. ऑफिसमधल्या शेअर्ड ड्राइव्हवरची फाइल लोकेटला दिसत नाही ती यामुळे.

प्रून_बाइंड_माउंट्स म्हणजे बाइंड माउंट (एकच डिरेक्टरी दुसऱ्या पत्त्यावरही दिसेल अशी जोडणी) वगळायचे का, त्याला 'येस' किंवा 'नो'. याबद्दल खाली सविस्तर.

आता लिहिताना होणाऱ्या चुका. यातली एकही केली तरी बऱ्याचदा एरर येत नाही, नुसता परिणाम चुकतो.

पत्त्याच्या शेवटी तिरकी रेघ देऊ नका. /व्हार/लिब/डॉकर असं लिहा, पुढे रेघ नको. सिमलिंकचा (दुसऱ्या पत्त्याकडे नुसतं बोट दाखवणाऱ्या नोंदीचा) पत्ताही चालत नाही. लोकेटच्या निकालात तो पत्ता जसा दिसला असता, अगदी तसाच लिहायचा. /डेटा हे /एसआरव्ही/डेटा कडे जाणारं सिमलिंक असेल तर वगळायचं ते /एसआरव्ही/डेटा.

यादीतल्या नोंदी मोकळ्या जागेने वेगळ्या होतात आणि मोकळी जागा लपवायची कोणतीही सोय या फाइलमध्ये नाही. म्हणजे 'नवीन फोल्डर' अशा नावाची डिरेक्टरी प्रूनपाथ्समध्ये घालताच येत नाही. उलटी तिरकी रेघ देऊन बघाल, आत आणखी अवतरणचिन्हं घालून बघाल, काही होणार नाही. डिरेक्टरीचं नाव बदला किंवा तिच्या वरची डिरेक्टरी वगळा. स्वल्पविराम देऊनही नोंदी वेगळ्या होत नाहीत, स्वल्पविराम नावाचाच भाग बनतो.

प्रूननेम्समध्ये तारका किंवा प्रश्नचिन्ह यांना अर्थ नाही. नाव तंतोतंत जुळावं लागतं. आणि नाव निवडताना हात आखडता घ्या. एका जागचं 'बॅकअप' नको म्हणून तो शब्द इथे घातला, तर हिशेबाच्या फोल्डरमधलं बॅकअप, वेबसाइटचं बॅकअप, कुणाच्या घरच्या फोटोंचं बॅकअप असं सगळंच गुपचूप बाहेर जातं. एका जागचं वगळायचं असेल तर प्रूनपाथ्स वापरा.

तेच नाव दोनदा लिहू नका. जुनी ओळ ठेवून खाली दुसरी प्रूनपाथ्सची ओळ जोडली तर अपडेटडीबी ते नाव आधीच आलंय अशी तक्रार करतं. जुन्या ओळीतच भर घाला. किंमत नेहमी दुहेरी अवतरणात, एकेरीत नाही.

साधारण ऑफिसच्या मशीनसाठी मी ही भर घालतो. डेबियन-उबंटूवर प्रूननेम्सची ओळ बहुधा समोर हॅश देऊन बंद ठेवलेली असते, तो काढावा लागतो.

    प्रूननेम्स="‎.गिट .एसव्हीएन नोड_मॉड्यूल्स .कॅश .स्नॅपशॉट्स"
    प्रूनपाथ्स="/टीएमपी /व्हार/स्पूल /मीडिया /व्हार/लिब/डॉकर /व्हार/लिब/कंटेनर्स /टाइमशिफ्ट"

डॉकर (प्रोग्रॅम वेगवेगळ्या डब्यांत चालवणारं साधन) आणि स्नॅपशॉट (डिस्कच्या त्या-त्या वेळच्या प्रती) वगळले नाहीत तर एकाच फाइलच्या दहा-वीस प्रती निकालात येतात आणि खरी कोणती ते ओळखता येत नाही.

विंडोजच्या आत डब्ल्यूएसएल (विंडोजवर लिनक्स चालवायची सोय) वापरणाऱ्यांनी प्रूनपाथ्समध्ये /एमएनटी/सी नक्की घालावं. तसं न केल्यास अपडेटडीबी विंडोजची अख्खी सी ड्राइव्ह चाळत बसू शकतं, तेही अत्यंत हळू.

### बीटीआरएफएस असेल तर थांबा

डिस्क बीटीआरएफएस या प्रकारच्या फाइलसिस्टिमची असेल आणि /होम वेगळं सबव्हॉल्यूम (त्याच डिस्कवरचा स्वतंत्र भाग) असेल, तर प्रून_बाइंड_माउंट्स 'येस' असताना अपडेटडीबी /होमला बाइंड माउंट समजून वगळू शकतं. मग सिस्टिमच्या फाइली सगळ्या सापडतात आणि आपली स्वतःची एकही नाही. फेडोराचं डेस्कटॉप साधेपणाने बसवलं की डिस्क बीटीआरएफएसच असते, त्यामुळे हा अनुभव दुर्मिळ नाही. प्रकार कोणता ते असं कळेल:

    फाइंडएमएनटी /होम

उत्तरात बीटीआरएफएस दिसलं आणि /होममधल्या फाइली यादीत येत नसल्या, तर:

    प्रून_बाइंड_माउंट्स="नो"

'नो' केल्यावर खरे बाइंड माउंट असतील तर तेही चाळले जातील आणि निकाल दुप्पट दिसतील. ते पत्ते मग हाताने प्रूनपाथ्समध्ये टाका.

## ३. पहिली यादी बनवा, मग लगेच तपासा

    सुडो अपडेटडीबी

साध्या वापरकर्त्याने ही चालवली तर परवानगी नाकारली जाते. डेटाबेस /व्हार/लिब/पीलोकेट/पीलोकेट.डीबी इथे असतो आणि तिथे लिहिण्याचा हक्क रूटचा. लाखो फाइलींची हार्ड डिस्क असेल तर पहिल्या वेळी काही मिनिटं जातात. पुढच्या वेळी न बदललेल्या डिरेक्टरी पुन्हा वाचाव्या लागत नाहीत, म्हणून काम पटकन आटोपतं.

काय वगळलं गेलं हे डोळ्यांनी बघायचं असेल तर:

    सुडो अपडेटडीबी --डीबग-प्रूनिंग

कोणती डिरेक्टरी कोणत्या नियमाने बाहेर गेली ते यात कळतं. हा मजकूर एररच्या वाटेने येतो, त्यामुळे फाइलमध्ये साठवताना '२>' वापरा, नुसतं '>' नाही.

आता खरी चाचणी. ती न करता पुढे जाऊ नका.

1. आपल्या होममध्ये एक वेगळ्याच नावाची फाइल बनवा: टच ~/यादीचाचणी९९
2. लोकेट यादीचाचणी९९ चालवा. काही येता कामा नये.
3. सुडो अपडेटडीबी, आणि परत लोकेट. आता पत्ता आला पाहिजे.
4. फाइल पुसा आणि परत लोकेट चालवा. पत्ता अजूनही येईल. हे बरोबर आहे.
5. लोकेट --एक्झिस्टिंग यादीचाचणी९९ चालवा. आता काही येणार नाही, कारण दाखवण्याआधी फाइल जागेवर आहे का हे तपासलं जातं.

पाच पायऱ्यांतली तिसरी चुकली तर दोष दुसऱ्या टप्प्यातल्या फाइलमध्ये आहे. टायमर किंवा परवानग्या चिवडत बसू नका.

सावध: डेटाबेसच्या परवानग्या बदलू नका. ती फाइल पीलोकेट नावाच्या ग्रुपच्या मालकीची असते आणि इतरांना वाचता येत नाही. पीलोकेट स्वतः त्या ग्रुपच्या हक्काने ती वाचतं आणि ज्या डिरेक्टरीत तुम्हाला शिरता येतं तेवढ्याच फाइली दाखवतं. परवानगीची तक्रार आली म्हणून कुणीतरी 'सीएचमॉड ६४४' सुचवतं. तसं केलं की मशीनवरचा कुणीही ती फाइल उघडून सगळ्यांच्या फाइलींची नावं वाचू शकतो. फाइलच्या आतलं दिसत नाही हे खरं, पण 'राजीनामा_मसुदा_मार्च' हे नाव वाचल्यावर आतलं वाचायची गरज कुणाला उरते? हक्क बिघडलेच असतील तर पॅकेज पुन्हा बसवा.

## ४. टायमर: चालू आहे हे गृहीत धरू नका

    सिस्टिमसीटीएल लिस्ट-टायमर्स
    सिस्टिमसीटीएल कॅट पीलोकेट-अपडेटडीबी.सर्व्हिस

पहिल्या कमांडमध्ये पीलोकेट-अपडेटडीबी.टायमर दिसलं पाहिजे. मागच्या वेळी कधी चाललं आणि पुढे कधी चालेल हेही तिथेच कळतं. नसेल तर:

    सुडो सिस्टिमसीटीएल इनेबल --नाऊ पीलोकेट-अपडेटडीबी.टायमर

दुसऱ्या कमांडच्या मजकुरात 'कंडिशनएसीपॉवर' अशी ओळ आहे का बघा. असेल तर लॅपटॉप बॅटरीवर असताना यादी बनतच नाही, नुसतं गप्प राहून काम टाळलं जातं. दिवसभर चार्जर न लावणाऱ्यांची यादी महिनोनमहिने जुनी राहते ती अशी. नको असेल तर 'सुडो सिस्टिमसीटीएल एडिट पीलोकेट-अपडेटडीबी.सर्व्हिस' उघडून युनिट या मथळ्याखाली तीच ओळ बरोबरच्या चिन्हापुढे रिकामी सोडून लिहा. मात्र रिकामी ओळ त्या युनिटच्या सगळ्याच अटी पुसते, फक्त विजेची नाही. दुसरी एखादी अट हवी असेल तर ती खाली परत लिहावी लागेल.

वेळ बदलताना आणखी एक घोळ नेहमी होतो. टायमर एडिट करून 'ऑनकॅलेंडर' ची नवी ओळ दिली की लोकांना वाटतं जुनी गेली. जात नाही, दोन्ही वेळांना चालतं. आधी रिकामं 'ऑनकॅलेंडर=' आणि त्याखाली नवी वेळ, असं लिहायचं. शिवाय 'रँडमाइज्डडिलेसेक' ही ओळ असेल तर ठरलेल्या वेळेनंतर काही तासांपर्यंत मनमानी उशीर होऊ शकतो. ठरावीक वेळ हवी तर तिला शून्य द्या.

क्लाउडवरच्या सर्व्हरचं घड्याळ बहुधा यूटीसीवर असतं. 'डेली' म्हणजे तिथली मध्यरात्र, आपल्याकडची पहाटेची साडेपाच. टाइमडेटसीटीएल चालवून एकदा बघून घ्या.

## ५. शेअर्ड डिस्कसाठी वेगळा डेटाबेस

ऑफिसमध्ये एका सर्व्हरवर सगळं दप्तर स्कॅन करून ठेवलंय, बाकी मशीन ते एनएफएसवरून वापरतात, आणि प्रत्येकाला त्यात लोकेट चालवायचंय. सुचणारा पहिला उपाय म्हणजे प्रत्येक मशीनवर प्रूनएफएसमधून एनएफएस काढून टाकणं. करू नका. वीस मशीन असतील तर रोज वीस जण एकाच सर्व्हरची तीच डिस्क नेटवर्कवरून चाळतील. यादी सर्व्हरवर एकदाच बनवायची आणि सगळ्यांनी ती वाचायची.

समजा दप्तर /एसआरव्ही/दप्तर इथे आहे आणि ते वाचायचा हक्क असलेल्यांचा ग्रुपही 'दप्तर' याच नावाचा आहे.

1. डेटाबेससाठी डिरेक्टरी बनवा:

    सुडो एमकेडीआयआर /व्हार/लिब/दप्तर-यादी
    सुडो सीएचजीआरपी दप्तर /व्हार/लिब/दप्तर-यादी
    सुडो सीएचमॉड २७५० /व्हार/लिब/दप्तर-यादी

सुरुवातीचा २ महत्त्वाचा. त्यामुळे आत बनणाऱ्या नव्या फाइलला आपोआप दप्तर हाच ग्रुप मिळतो. अपडेटडीबी दर वेळी नवी फाइल बनवून जुनीच्या जागी ठेवतं, त्यामुळे फाइलवर हाताने दिलेला ग्रुप दुसऱ्या दिवशी गेलेला असतो. हक्क डिरेक्टरीवर द्या.

2. यादी बनवा (सगळं एकाच ओळीत):

    सुडो अपडेटडीबी --रिक्वायर-व्हिजिबिलिटी नो --डेटाबेस-रूट /एसआरव्ही/दप्तर --आउटपुट /व्हार/लिब/दप्तर-यादी/दप्तर.डीबी --प्रूनपाथ्स "/एसआरव्ही/दप्तर/वेतन"

'रिक्वायर-व्हिजिबिलिटी नो' दिल्यामुळे ही यादी ज्याला वाचता येते त्याला आतली सगळी नावं दिसतात, त्या-त्या डिरेक्टरीत शिरायचा हक्क नसला तरी. म्हणून वेतन बाहेर ठेवलं. असं आणखी काही असेल तर मोकळी जागा सोडून तिथेच लिहा.

'प्रूनपाथ्स' इथे दिलं की /ईटीसी/अपडेटडीबी.कॉन्फ या मूळ फाइलमधली प्रूनपाथ्सची यादी या एका वेळेपुरती बाजूला पडते. पण प्रूननेम्स, प्रूनएफएस आणि बाइंड माउंटचा नियम मात्र मूळ फाइलमधलेच लागू राहतात. हेच हवं आहे, कारण पुढची पायरी तशी आहे: सर्व्हरच्या मूळ फाइलमध्ये प्रूनपाथ्समध्ये /एसआरव्ही/दप्तर टाकून द्या, नाहीतर सर्व्हरवर शोधताना तीच फाइल दोन याद्यांतून दोनदा येईल.

3. तपासा:

    लोकेट --डेटाबेस /व्हार/लिब/दप्तर-यादी/दप्तर.डीबी --लिमिट ५ पावती

हे रूट म्हणून नको, दप्तर ग्रुपमधल्या साध्या वापरकर्त्याने चालवून बघा. रूटला सगळंच चालतं, त्यातून काही सिद्ध होत नाही. ग्रुपमध्ये नाव नुकतंच घातलं असेल तर त्या माणसाने लॉगआउट करून परत यावं.

4. रोज चालण्यासाठी /ईटीसी/सिस्टिमडी/सिस्टिम मध्ये दप्तर-यादी.सर्व्हिस आणि त्याच नावाचा .टायमर बनवा. सर्व्हिसमध्ये वरचीच कमांड, पण सुडो नको आणि अपडेटडीबीचा पूर्ण पत्ता हवा (कमांड -व्ही अपडेटडीबी चालवून मिळेल). युनिट विभागात ही एक ओळ विसरू नका, प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं, शब्द जोडून:

    कंडिशनपाथइजमाउंटपॉइंट=/एसआरव्ही/दप्तर

दप्तर वेगळ्या डिस्कवर असेल आणि एखाद्या दिवशी ती माउंटच झाली नाही, तर अपडेटडीबीला तिथे रिकामी डिरेक्टरी दिसते. ते बिचारं इमानदारीने रिकामी यादी बनवतं आणि कालची चांगली यादी पुसली जाते. ही ओळ असली की डिस्क नसताना कामच सुरू होत नाही. दप्तर वेगळ्या डिस्कवर नसेल तर मात्र ही ओळ घालू नका, यादी कधीच बनणार नाही. आणि फाइली लिहून झाल्यावर 'सुडो सिस्टिमसीटीएल डीमन-रीलोड' केल्याशिवाय टायमर इनेबल करू नका.

5. बाकीच्या मशीनवर डेटाबेसची डिरेक्टरी एनएफएसवरून फक्त वाचण्यापुरती द्या, आणि दप्तर ग्रुपमधल्या लोकांच्या .बॅशआरसी मध्ये लोकेट_पाथ हे (मोठ्या अक्षरांतलं) चल त्या डेटाबेसच्या पत्त्यासह एक्स्पोर्ट करा. नुसतं 'लोकेट पावती' केलं की मशीनची स्वतःची यादी आणि दप्तरची यादी दोन्ही बघितल्या जातात. सगळ्यांसाठी एकाच जागी टाकू नका, ग्रुपबाहेरच्यांना प्रत्येक शोधात परवानगीची तक्रार दिसेल.

सावध: यादीत सर्व्हरवरचे पत्ते असतात. सर्व्हरवर /एसआरव्ही/दप्तर आणि तुमच्या मशीनवर तेच /एमएनटी/दप्तर असेल, तर निकालातला पत्ता तुमच्याकडे उघडणार नाही आणि --एक्झिस्टिंग दिलं तर एकही निकाल येणार नाही. सरळ उपाय एकच: सगळीकडे एकाच पत्त्यावर माउंट करा.

## ६. शोधताना होणाऱ्या चुका

यादी बरोबर असूनही निकाल चुकतो तो बहुधा या कारणांनी.

तारका अवतरणाशिवाय. लोकेट *.पीडीएफ लिहिलं की लोकेटपर्यंत पोचायच्या आधीच शेल त्या तारकेच्या जागी चालू डिरेक्टरीतल्या फाइलींची नावं भरतो. नेहमी एकेरी अवतरणात लिहा.

तारका आली की नियम बदलतो. साधा शब्द दिला तर तो पत्त्यात कुठेही चालतो. तारका, प्रश्नचिन्ह किंवा चौकोनी कंस आला की नमुना पूर्ण पत्त्याशी जुळावा लागतो. म्हणून 'पावती*.पीडीएफ' ला शून्य निकाल, कारण प्रत्येक पत्ता तिरक्या रेघेने सुरू होतो. दोन मार्ग:

    लोकेट '*/पावती*.पीडीएफ'
    लोकेट --बेसनेम 'पावती*.पीडीएफ'

दुसरा बरा. तो फक्त फाइलच्या नावात बघतो, त्यामुळे 'पावती' नावाच्या फोल्डरमधल्या इतर पीडीएफ मध्ये येत नाहीत.

दोन शब्द. पीलोकेटमध्ये दोन शब्द दिले तर दोन्ही जुळायला हवेत. एमलोकेटमध्ये एक जुळला तरी चालायचं. जुन्या स्क्रिप्ट इथे अचानक कमी निकाल द्यायला लागतात.

देवनागरी नावं. आपल्याकडच्या मशीनवर हे खास तपासावं. लोकेट अक्षरांचं रूप बघत नाही, त्यामागचे बाइट जुळवतं. 'सातबाऱ्याची प्रत' मधला 'ऱ्या' तीन तऱ्हांनी साठवलेला असू शकतो: ऱ हे एकच अक्षर आणि हलन्त, किंवा र, खाली नुक्ता आणि हलन्त, किंवा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक. पडद्यावर तिन्ही सारखेच, लोकेटच्या लेखी तीन वेगळी नावं. 'ॲ' चंही तसंच, जुन्या कीबोर्डवर तो अ, जोडक आणि चंद्र असा टाइप व्हायचा. तलाठी कार्यालयातून आलेली फाइल, फोनवरून आलेली आणि तुम्ही नाव दिलेली, तिन्हींत फरक असू शकतो. त्यामुळे अडचणीचं अक्षर टाळून शोधा:

    लोकेट 'सातबा'
    लोकेट --बेसनेम '*सातबा*ची*प्रत*'

निकालात देवनागरीऐवजी उलट्या रेघा आणि आकडे दिसले तर फाइलीला काही झालेलं नाही, टर्मिनलचं लोकेल (भाषा आणि अक्षरांची मांडणी) यूटीएफ-८ नाही. 'लोकेल' कमांड चालवून बघा.

जाता जाता: पीलोकेट तीन-तीन बाइटच्या तुकड्यांवर शोधतं. दोनच इंग्रजी अक्षरं दिली तर त्याला सगळी यादी सरळ वाचावी लागते. देवनागरीचं एकच अक्षर तीन बाइटचं असल्यामुळे तेवढ्यावर निदान ती पाळी येत नाही.

निकाल थेट पुसायला देणं. लोकेटचे निकाल आरएमला (फाइल पुसणाऱ्या कमांडला) जोडण्याआधी तेच निकाल नुसते वाचा, सगळे. नावांत मोकळी जागा असेल तर एका नावाचे दोन तुकडे होतात आणि भलतीच फाइल जाऊ शकते. जोडायचंच असेल तर लोकेटला --नल आणि --एक्झिस्टिंग द्या आणि एक्सआर्ग्सला (निकाल पुढच्या कमांडला देणाऱ्या कमांडला) --नल.

## ७. तरीही सापडत नसेल तर या क्रमाने बघा

1. फाइल खरंच आहे का? एलएस पूर्ण पत्ता. नसेल तर लोकेटचा दोष नाही.
2. डेटाबेस कधीचा? सुडो एलएस -एल /व्हार/लिब/पीलोकेट. तारीख जुनी असेल तर चौथ्या टप्प्यावर जा.
3. सुडो लावून लोकेटला सापडते, तुम्हाला नाही? वरच्या एखाद्या डिरेक्टरीत तुम्हाला हक्क नाही. नेमआय -एल आणि पुढे पत्ता दिलात की वाटेतल्या प्रत्येक डिरेक्टरीचे हक्क ओळीने दिसतात, अडतंय कुठे ते तिथेच कळेल.
4. सुडोनेही नाही? फाइंडएमएनटी --टार्गेट आणि फाइलचा पत्ता द्या. फाइलसिस्टिमचा प्रकार प्रूनएफएसमध्ये आहे का ते बघा.
5. तिथेही नाही? --डीबग-प्रूनिंगचा मजकूर फाइलमध्ये साठवून त्यात वरच्या डिरेक्टरीचं नाव ग्रेपने शोधा. फाइलच्या पत्त्यातली कोणती पायरी वगळली गेली ते कळेल. बऱ्याचदा ती प्रूननेम्समधली एखादी विसरलेली नोंद निघते.
6. कालपर्यंत चालत होतं, अपग्रेडनंतर बंद? कॉन्फिग फाइल नव्याने लिहिली गेली का ते मूळ प्रतीशी डिफ करून बघा. डेबियनवर अपग्रेड करताना नवी फाइल घ्यायची की तुमची ठेवायची असा प्रश्न येतो आणि घाईत नवी फाइल घेतली जाते. फेडोरावर .आरपीएमन्यू शेपटाची फाइल शेजारी पडलेली दिसेल.